माळ्यावर सापडलेली क्लोरोडाईनची बाटली आणि व्हिक्टोरियन काळातली 'सर्व रोगांवर एक' औषधं

प्रश्न असा आहे: "जुन्या वाड्याचा माळा आवरताना एक लहान बाटली सापडली. काचेवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत 'क्लोरोडाईन' असं लिहिलंय, बूच घट्ट बसलंय आणि तळाशी तपकिरी थर वाळलाय. पणजोबा रेल्वेत होते, त्यांची असावी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही 'पेटंट' औषधं म्हणजे नुसतं रंगीत पाणी असायचं ना? मग शिकलेसवरलेले लोकही ती का घ्यायचे? आणि ही बाटली ठेवू की टाकू?"

आधी एक सूचना करतो. बाटलीचं बूच काढू नका आणि तो थर खरवडू नका. कारण पुढे येईलच.

मी फार्मसी शिकून काही वर्षं औषधाच्या दुकानात काढली आणि नंतरची सत्तावीस वर्षं औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत. बाटलीत काय आहे आणि किती आहे, एवढंच शोधत राहिलो. म्हणून 'रंगीत पाणी' वाचून जरा थबकलो. ती औषधं खरोखर रंगीत पाणी असती, तर कितीतरी तान्ही मुलं वाचली असती. त्यातल्या सर्वांत खपाऊ औषधांत खरी, जोरकस द्रव्यं होती: अफू, मॉर्फीन, दारू, कडक जुलाब. घेणाऱ्याला फरक जाणवायचा, आणि तो लवकर जाणवायचा. सगळा धंदा या जाणवणाऱ्या फरकावर उभा होता. रोग मात्र होता तिथेच असायचा.

तुमच्या बाटलीपासून सुरुवात करू. जॉन कॉलिस ब्राऊन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर. १८४८ मध्ये भारतात नोकरीवर असताना त्याने कॉलऱ्यावर उतारा म्हणून हे मिश्रण तयार केलं. पुढे १८५६ मध्ये ते बनवण्याचे हक्क त्याने लंडनच्या डेव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्रेत्याला दिले आणि बाटल्या जगभर जाऊ लागल्या. 'क्लोरोडाईन' हे नाव क्लोरोफॉर्म आणि 'अ‍ॅनोडाईन', म्हणजे वेदनाशामक, यांच्या जोडणीतून आलं. आतले मुख्य घटक तीन: अफूतलं मॉर्फीन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. इतरांनीही आपापली क्लोरोडाईनं काढली. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने तर मूळ औषध आपलंच असा दावा केला आणि १८६४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा बाटलीवर दोघांपैकी कोणाचं नाव आहे का ते भिंगातून बघा.

जाहिरातींत खोकला, दमा, हगवण, पोटशूळ, मज्जातंतूंच्या वेदना आणि कॉलरा, सगळ्यांवर ते लागू होतं. हे ऐकायला अचाट वाटतं, पण मॉर्फीनचे गुण माहीत असलेला माणूस ती यादी वाचून चपापतो, कारण मॉर्फीन यातल्या बहुतेक तक्रारी त्या वेळेपुरत्या दाबतं. खोकल्याची उबळ थांबवतं, वेदना बोथट करतं, आतड्याची हालचाल मंद करून जुलाब रोखतं आणि झोप आणतं. आज जुलाबावर मिळणारी लोपेरामाईडची गोळीही त्याच कुळातली आहे. फरक इतकाच, की ती नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत पोचत नाही.

आता कॉलऱ्याचं बघा. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जंतूच्या विषामुळे आतड्याचं अस्तर पाणी सोडत राहतं. मॉर्फीनने आतडं शांत झालं तरी पाणी सुटणं थांबत नाही, ते पोटातच साचत राहतं. बाहेरून जुलाब कमी झालेले दिसतात, रुग्ण गुंगीत निपचित पडतो, घरच्यांना वाटतं उतार पडला. आणि नाडी बुडत जाते. खरा रस्ता त्याआधीच सापडला होता, ही गोष्ट मला फार लागते. स्कॉटलंडमध्ये लीथ इथे थॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ मध्येच कॉलऱ्याच्या रुग्णांना शिरेतून क्षारांचं पाणी दिलं होतं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली होती. ते मागे पडलं आणि बाटली पुढे गेली. मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद मोठ्या प्रमाणावर दिसायला १९७१ उजाडावं लागलं, बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पाणी पिंपांतून पाजलं तेव्हा.

दुसरा मोठा वर्ग जुलाबाच्या गोळ्यांचा. यात मुकुटमणी म्हणजे बीचम्स पिल्स. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. पुढे लँकशायरमध्ये बाजारांतून गोळ्या विकत फिरला आणि १८५९ च्या सुमारास सेंट हेलेन्सला स्थिरावला. 'डबीला एक गिनी मोजली तरी वसूल' हे त्याचं घोषवाक्य घरोघरी पोचलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. डबी मिळायची एक शिलिंग दीड पेनीला.

डबीत होतं काळाबोळ, सुंठ आणि साबण. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच काळाबोळ, म्हणजे कोरफडीचा आटवून घट्ट केलेला रस. साबण वाचून दचकू नका, गोळीचा लगदा बांधायला तो वापरायची रीतच होती. ब्रिटिश फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथातल्या काळाबोळाच्या गोळीतही कडक साबण असे. म्हणजे ज्याचं एवढं गुपित राखलं, तसंच काहीतरी गल्लीतल्या कुठल्याही औषधवाल्याला बांधता आलं असतं.

कॉलेजात आम्ही या गोळ्या हाताने वळल्या आहेत. काळाबोळाचे खडे तपकिरी काळे, काचेसारखे तुटणारे. खलात घोटायला घेतले की पूड उडते आणि तोंड बंद असलं तरी घशात कडू उतरतं. मग साबणाची पूड, पाण्याचे दोन-चार थेंब, आणि लगदा खलाच्या कडा सोडेपर्यंत मळायचा. फरशीवर त्याची लांब वळी करायची, पितळी खाचांच्या यंत्रावर ठेवून कापायची, तुकडे गोल वळायचे. संध्याकाळी घरी जेवताना पहिला घास कडू लागायचा. चोवीस गोळ्या वळायला मला दीड तास लागला होता. बीचमच्या कारखान्यात यंत्रं अशा गोळ्या लाखांनी पाडत होती.

काळाबोळ मोठ्या आतड्यावर काम करतो, त्याला आठ-दहा तास लागतात. रात्री घेतली की सकाळी पोट साफ. बद्धकोष्ठाने डोकं जड झालेल्या माणसाला त्या सकाळी खरंच हलकं वाटायचं. तिथवर ठीक होतं. पण पत्रकात पित्त, चक्कर, धाप, निद्रानाश, बायकांच्या तक्रारी असं सगळं एका गोळीखाली आणलेलं असे, आणि ज्याच्या पोटात खरंच गाठ वाढत होती तोही महिनोन् महिने जुलाबच घेत बसायचा. बीचमच्या आधी जेम्स मॉरिसन नावाच्या माणसाने तर शिकवणच अशी दिली होती की सगळे रोग रक्तातल्या अशुद्धीचे, तेव्हा गोळ्या वाढवत जा. १८३६ मध्ये त्या गोळ्या विकणाऱ्या एका एजंटाला सदोष मनुष्यवधाबद्दल कोर्टाने दोषी धरलं. गोळ्यांचा खप थांबला नाही.

आता 'पेटंट' या शब्दाबद्दल, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आज पेटंट म्हटलं की शोध नोंदवलेला असतो. ही औषधं 'पेटंट' म्हणवायची ती जुन्या राजसनदेच्या, म्हणजे राजाने दिलेल्या लेखी हक्काच्या, आठवणीने. पण बहुतेकांचं पेटंट कधी घेतलेलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते लिहून द्यावं लागतं, आणि नेमकं तेच कोणाला सांगायचं नव्हतं. जपायचं होतं ते नाव, बाटलीचा आकार आणि वेष्टन.

त्यात सरकारचा स्टँप. ब्रिटनमध्ये अशा बांधीव औषधांवर कर होता आणि तो भरल्याची छापील कागदी पट्टी झाकणावरून चिकटवलेली असे. पट्टी फाडल्याशिवाय डबी उघडायची नाही. शिलिंगाच्या औषधावर दीड पेनी कर, म्हणून एक शिलिंग दीड पेनी ही विचित्र किंमत सगळ्या जाहिरातींत दिसते. बघणाऱ्याला वाटायचं, सरकारने तपासून शिक्का मारलाय. पुढे 'या पट्टीचा अर्थ सरकारी हमी असा नाही' असं त्या पट्टीवरच छापायची वेळ आली. पण एवढं बारीक वाचतो कोण? माझ्या दुकानाच्या दिवसांतही गिऱ्हाईक पाकिटावरचा परवाना क्रमांक बोटाने दाखवून 'बघा, सरकारमान्य आहे' म्हणायचं. परवाना कारखान्याला आहे, गुणाची ग्वाही नाही, हे समजावताना मागे रांग लागायची.

बाळांच्या औषधांवर मात्र मला थांबायचं आहे. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' म्हणजे काकवीसारख्या गोड पाकात अफू. अमेरिकेतून आलेलं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' म्हणजे मॉर्फीन. जाहिरातीच्या चित्रात गुबगुबीत, शांत झोपलेलं बाळ. इंग्लंडच्या गिरणीगावांत आई पहाटे कामावर जायची, मूल शेजारच्या म्हातारीकडे, आणि एकेका म्हातारीकडे चार-पाच मुलं. चमचाभर दिलं की मूल रडायचं थांबायचं. अफू दिलेलं मूल भूक लागली तरी रडत नाही, आणि न रडणाऱ्या मुलाला कोणी पाजत नाही. ते हळूहळू सुकतं. मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा' असं लिहिलं जायचं, अफूचं नाव क्वचितच यायचं.

मात्रेचा धोका वेगळाच. दाट पाकातलं औषध उभं राहिलं की जड भाग खाली बसतो. बाटली न हलवता रोज चमचा काढला तर वरचे चमचे सौम्य आणि तळाचे जहाल. पहिले पंधरा दिवस सोसलेलं बाळ सोळाव्या दिवशी उठत नाही. 'घेण्यापूर्वी बाटली हलवा' हे तीन शब्द आज लोक न वाचता सोडून देतात. मी दुकानात ते प्रत्येकाला तोंडी सांगायचो.

या आयांना नावं ठेवण्याआधी आपल्या गिरणगावाकडे बघावं. मुंबईच्या कापड गिरण्यांत खात्यात उभं राहणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देत, तिच्यातही अफूच असे. तेच कामाचे तास, तीच रिकामी खोली.

आता तुमचा मधला प्रश्न, शिकलेले लोक का घ्यायचे. पहिलं कारण, डॉक्टरांकडे तरी काय होतं? रक्त काढणं, जळवा, पाऱ्याचं कॅलोमेल. ईथरची भूल १८४६ ची, अ‍ॅस्पिरिन १८९९ चं, पेनिसिलिन तर दुसऱ्या महायुद्धातलं. डॉक्टरची फी मोठी, वर पाऱ्याने दात हलायचे. त्यापेक्षा शिलिंगभराची गोळी सौम्य आणि स्वस्त होती, आणि तो हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. दुसरं, काही औषधं एखाद्या तक्रारीवर खरंच लागू पडायची. 'डॉक्टर विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल' या गोळ्यांत लोह होतं. पांढुरक्या, दमणाऱ्या मुलीला त्यांनी तरतरी आली तर नवल नाही. पण त्याच गोळीने अर्धांगवायू बरा होतो म्हणायचे, आणि मुलीचा अनुभव अर्धांगवायूच्या दाव्याला साक्षीदार म्हणून उभा राहायचा. तिसरं, लाज. गुप्तरोग, नको असलेलं गरोदरपण, अशा गोष्टी डॉक्टरसमोर बोलता येत नसत. 'पाळीतला अडथळा दूर करणाऱ्या' गोळ्या टपालाने मागवता येत. याचा शेवट कुठवर गेला बघा: १८९८ मध्ये लंडनमध्ये क्राइम्स आडनावाच्या तीन भावांना शिक्षा झाली. अशा गोळ्या मागवणाऱ्या हजारो बायकांचे पत्ते त्यांनी जपून ठेवले आणि त्यांनाच धमकीची पत्रं पाठवून पैसे उकळायला घेतले. ज्या बाईने गोळी घेतली, ती तक्रार कुठे करणार?

चौथं कारण वर्तमानपत्रं. १८५३ ते १८६१ या काळात ब्रिटनने जाहिरातींवरचा, वर्तमानपत्रांवरचा आणि कागदावरचा कर एकेक करून काढला. पेपर स्वस्त झाले, घरोघरी गेले आणि औषधांच्या जाहिरातींवर जगू लागले. जो पेपर या पैशावर चालतो तो त्याविरुद्ध काय लिहिणार! थॉमस हॉलोवे हा या जाहिरातींचा पहिला मोठा खेळाडू. एका गोळीवर आणि एका मलमावर त्याने अफाट संपत्ती केली. त्यातून उभं राहिलेलं मुलींचं कॉलेज १८८६ मध्ये खुद्द राणीने उघडलं. आजही ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. बीचमच्या नातवाने गोळ्यांच्या पैशातून संगीत उभं केलं, सर थॉमस बीचम हे विसाव्या शतकातले नामांकित वाद्यवृंद संचालक. या पैशातून भलं झालं हे मी नाकारत नाही. मात्र ते पैसे आले कुठून, तेही पाटीवर असायला हवं.

कायदा सावकाश आला. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्यांत चुकून सोमल मिसळला गेला आणि वीसच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतर १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूसारखी विषं फक्त औषधविक्रेत्याने, 'विष' असं लेबल लावून विकावीत असं ठरलं. पण त्याच कायद्यात 'पेटंट' औषधांना सूट होती. दुकानदाराने अफूचा अर्क दिला तर लेबल, आणि गोड पाकातली अफू बिनलेबलाची. क्लोरोडाईनच्या बाटलीवर 'विष' छापलं जायला १८९० चं दशक उजाडलं, तेही कोर्टात भांडून.

या सगळ्या गोष्टीत माझा माणूस कोण, तर एडवर्ड हॅरिसन नावाचा रसायनतज्ज्ञ. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनसाठी त्याने बाजारातली औषधं एकेक करून तपासली आणि १९०९ मध्ये 'सिक्रेट रेमेडीज' या नावाने ते निकाल पुस्तकरूपात आले. आत काय, किती आणि त्याची खरी किंमत किती, एवढंच. बीचमच्या छप्पन्न गोळ्यांच्या मालाची किंमत निघाली अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विकत होते शंभर पटींहून जास्त दराने. अनेक पेपरांनी या पुस्तकाची जाहिरात छापायलाच नकार दिला. पुढे संसदेची समिती बसली आणि तिचा अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ ला, ज्या दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं. तो तसाच राहिला. डब्यांवर घटक छापण्याची सक्ती १९४१ मध्ये झाली. हॅरिसन ते बघायला नव्हता. युद्धात विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा बनवण्यात तो पुढे होता, आणि युद्ध संपायला आठवडा उरला असताना न्यूमोनियाने गेला.

हॅरिसनचं काम मला जवळचं वाटतं, कारण तेच काम आम्ही केलं. एका गावातून सांधेदुखीवरची 'शुद्ध वनस्पतींची' पूड तपासणीला आली होती. वर्षानुवर्षं गुडघे धरलेली माणसं दोन दिवसांत चालू लागत होती. आम्ही तिचा अर्क काढून सिलिकाच्या पातळ थराच्या काचेवर ठिपका दिला, शेजारी ओळखीच्या द्रव्यांचे ठिपके दिले आणि द्रावक वर चढू दिला. काच वाळवून अतिनील दिव्याखाली धरली. पुडीतला एक काळा डाग शेजारच्या डेक्सामेथासोनच्या डागाच्या बरोबर समोर, एका उंचीवर उभा होता. स्टेरॉईड! माणसं चालणारच. त्यांतल्या एका बाईंचा चेहरा सुजून गोल झाला होता आणि साखर चढली होती, हे आम्हाला नंतर कळलं. विकणाऱ्याचं म्हणणं एकच होतं, 'लोकांना गुण येतोय ना?' आपल्याकडे १९५४ चा जादूटोण्याच्या आणि आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवरचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार बरा करतो अशी जाहिरात त्याखाली करता येत नाही. रस्त्यावरच्या भिंती बघितल्या की तो किती पाळला जातो ते दिसतं.

त्या काळातलं सगळंच टाकाऊ होतं असं मात्र समजू नका. तुमच्या स्वयंपाकघरात इनो असेल. तो न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉस्ली इनो या औषधविक्रेत्याचा. ग्राईप वॉटर नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डचं, १८५१ चं. त्यात बाळंतशेपांच्या जातीचं तेल आणि खायचा सोडा, आणि पूर्वी थोडी दारूही, जी पुढे काढली गेली. दोन्ही टिकली ती घटक डब्यावर आल्यावर आणि दावे आखडल्यावर. आम्लपित्ताला सोडा चालतो, तेवढं आणि तेवढंच.

आता तुमची बाटली. मॉर्फीन वाळलं म्हणून नाहीसं होत नाही, तो तपकिरी थर अजूनही जहाल असू शकतो. हुंगू नका, पाणी घालून मोरीत ओतू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. बूच आहे तसं ठेवून बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि वर चिठ्ठी लावा. मग जवळच्या फार्मसी कॉलेजला किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला फोन करा. मॉर्फीन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे थर त्यांच्याकडूनच काढून घेतलेला बरा. बाटली स्वच्छ करून परत मागा, ती फेकू नका. आणि माळ्यावर तिच्यासोबत एखादं घडी घातलेलं छापील पत्रक सापडलं, तर ते उलगडण्याआधी कडा जपा, तो कागद हात लावताच तुटतो. कोणत्या रोगांची यादी आहे ते मला नक्की कळवा.